तळणीच्या तेलाचे घरगुती डिझेल: एका प्रचलित दाव्याचा प्रतिवाद

तळणीचे उरलेले तेल फेकून न देता घरच्या घरी त्याचे डिझेल करावे, असा संदेश व्हॉट्सॲपवर आणि छोट्या चित्रफितींतून पुन्हा पुन्हा फिरत असतो. त्याचा आशय असा: लिटरभर तेलात पाव लिटर स्पिरिट आणि चिमूटभर कॉस्टिक सोडा घालून मिक्सरमध्ये फिरवावे, रात्रभर ठेवावे, वरचे सोनेरी डिझेल काढून घ्यावे आणि खाली बसलेल्या साबणाने भांडी घासावीत. हे डिझेल कोणत्याही गाडीत चालते, कारण डिझेल इंजिन मुळात शेंगदाणा तेलासाठीच बनवले गेले. खर्च नाममात्र येतो आणि सरकारचेच प्रोत्साहन असल्यामुळे परवाना लागत नाही, असेही त्यात सांगितले जाते.

यातील रसायनशास्त्राचा गाभा खरा आहे. तेलाच्या रेणूत मेदाम्लांच्या तीन साखळ्या ग्लिसरॉलला जोडलेल्या असतात. अल्कलीच्या (इथे कॉस्टिक सोड्याच्या) सान्निध्यात, साधारण ५५ ते ६० अंश सेल्सिअस तापमानाला, त्या ग्लिसरॉलपासून सुटून मिथेनॉल या अल्कोहोलशी जोडल्या जातात आणि मिथिल एस्टर, म्हणजेच बायोडिझेल, तयार होते. शंभर लिटर तेलाला सुमारे वीस लिटर मिथेनॉल लागते आणि जवळपास शंभर लिटर बायोडिझेल मिळते. हे काम प्रयोगशाळेत सहज जमते, यात शंका नाही. संदेशात जे गाळले आहे, तिथे खरी अडचण आहे.

सर्वात गंभीर बाब स्पिरिटची आहे. औषधाच्या दुकानातले स्पिरिट बहुतांशी इथेनॉल असते आणि त्यात पाणी असते. अल्कली आणि पाणी एकत्र आले की तेलाचा साबण होतो आणि भांड्यात न फाटणारा, दह्यासारखा गोळा उरतो. म्हणून कृती जमवायची तर कोरडे मिथेनॉलच हवे, आणि मिथेनॉल हे विष आहे. ते पोटात गेले तर यकृतात त्याचे फॉर्मिक आम्ल बनते, दृष्टी जाते आणि जीवही जातो; त्वचेतून आणि श्वासावाटेही ते शरीरात शिरते. २०१५ च्या जून महिन्यात मुंबईत मालाडच्या मालवणी भागात विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे दगावली, ती याच मिथेनॉलमुळे. पाण्यासारखा रंगहीन असा हा द्रव पाण्याच्या जुन्या बाटलीत भरून ओट्याखाली ठेवा, असे कोणी सुचवत असेल, तर त्या घरातल्या लहान मुलांचा विचार त्याने केलेला नाही.

शिवाय तो पेट घेतो, आणि फार लवकर घेतो. मिथेनॉलचा प्रज्वलनबिंदू ११-१२ अंश सेल्सिअसच्या आसपास आहे, म्हणजे आपल्याकडच्या थंडीतल्या दुपारीही त्याची वाफ ठिणगीने पेटू शकते. घरातल्या मिक्सरच्या मोटरमध्ये कार्बन ब्रश असतात. अंधारात मिक्सर चालवून खालच्या जाळीतून पाहिले तर निळसर ठिणग्या स्पष्ट दिसतात. म्हणजे ज्या भांड्यात गरम तेल आणि मिथेनॉल घुसळायचे, त्याच्याच खाली ठिणग्या उडत असतात आणि हातभर अंतरावर गॅसची शेगडी असते. मिथेनॉलची ज्योत फिकट निळी असल्याने भर दिवसा ती जवळजवळ दिसतच नाही. आग लागल्याचे कळायला चटका बसावा लागतो. मिक्सरचा सल्ला पूर्णपणे त्याज्य आहे, आणि यात तडजोडीला जागा नाही.

आता 'चिमूटभर' सोड्याकडे वळू. ताज्या तेलाला लिटरमागे सुमारे ३.५ ग्रॅम कॉस्टिक सोडा पुरतो. पण तळणीच्या तेलात मेदाम्ले मोकळी झालेली असतात, ती सोडा खाऊन टाकतात, आणि किती खातील हे प्रत्येक घाण्याच्या तेलागणिक बदलते. ते मोजण्यासाठी १ ग्रॅम सोडा लिटरभर डिस्टिल्ड पाण्यात विरघळवतात, १ मिलिलिटर तेल १० मिलिलिटर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये मिसळून त्यात फिनॉल्फ्थॅलीन या अल्कलीत गुलाबी होणाऱ्या दर्शकाचे दोन थेंब टाकतात आणि सोड्याचे पाणी थेंबाथेंबाने सोडतात. सुरुवातीला गुलाबी छटा येते आणि चंचुपात्र हलवताच विरते. ज्या थेंबाला ती टिकून राहते तिथे थांबायचे. जितके मिलिलिटर लागले, तितके ग्रॅम सोडा लिटरमागे ३.५ ग्रॅमच्या वर घालायचा. ही मोजणी वगळली की सोडा कमी पडून तेल कच्चे राहते किंवा जास्त होऊन साबण होतो. वडे-भजी तळून तळून काळ्या पडलेल्या तेलाला तर बऱ्याचदा आधी सल्फ्युरिक आम्लाची वेगळी प्रक्रिया द्यावी लागते.

खालच्या थराला साबण म्हणणेही चूक आहे. त्यात ग्लिसरीन (म्हणजेच ग्लिसरॉल), थोडा साबण, उरलेला सोडा आणि न वापरले गेलेले मिथेनॉल एकत्र असते. हे मिथेनॉल ऊर्ध्वपातनाने काढून घेतल्याशिवाय हा थर भांड्यांना काय, हातालाही लागू नये. वरचा सोनेरी थरही धुवावा आणि वाळवावा लागतो, आणि त्या धुण्याच्या पाण्यात हीच द्रव्ये उतरतात. ते मोरीत ओतणे योग्य नाही.

इंजिनाचा इतिहास सांगताना गल्लत होते. १० ऑगस्ट १८९३ रोजी रुडॉल्फ डिझेल यांचे इंजिन शेंगदाणा तेलावर चालले, असे जागतिक जैवइंधन दिनाच्या निमित्ताने आपल्याकडे दरवर्षी लिहिले जाते. शेंगदाणा तेलावरचे प्रात्यक्षिक झाले ते १९०० साली पॅरिसच्या प्रदर्शनात, ऑटो कंपनीने ठेवलेल्या छोट्या इंजिनावर; आणि ते इंजिन खनिज तेलासाठी बांधलेले होते, असे डिझेल यांनी स्वतःच १९१२ मध्ये नमूद केले आहे. त्या काळच्या इंजिनावरून आजच्या गाडीचे अनुमान काढता येत नाही. आजच्या कॉमन रेल, म्हणजे अतिउच्च दाबाने इंधन फवारणाऱ्या, इंजिनातील इंजेक्टरची (फवारणीच्या तोटीची) छिद्रे अतिसूक्ष्म असतात. बायोडिझेलसाठीच्या आयएस १५६०७ या भारतीय मानकात मुक्त ग्लिसरॉल ०.०२ टक्क्यांहून अधिक चालत नाही, आणि ही मर्यादा डोळ्यांनी पारखता येत नाही. द्रव सोनेरी आणि नितळ दिसतो, तरी त्यात अर्धवट रूपांतरित तेल असू शकते; ते इंजेक्टरवर काजळीचा थर धरते. शुद्ध बायोडिझेलही जुन्या टाकीतला गाळ सोडवून फिल्टर तुंबवते आणि साध्या रबरी नळ्या फुगवते. बीएस-६ गाडीत ते घालणे मला अजिबात योग्य वाटत नाही. जुन्या पंपसेटवर चाचणी केलेले इंधन वापरणे ही वेगळी गोष्ट आहे.

परवान्याविषयीचे विधान दिशाभूल करणारे आहे. २०१८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणात तळणीच्या तेलाला स्थान आहे हे खरे, परंतु मिथेनॉल विष अधिनियम, १९१९ च्या कक्षेत येते आणि महाराष्ट्रात त्याची साठवण व विक्री परवान्याखाली चालते. बायोडिझेलच्या विक्रीसाठी केंद्राने २०१९ मध्ये स्वतंत्र मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत.

राहिला खर्चाचा हिशेब. तेल फुकट धरले तरी लिटरमागे सुमारे २०० मिलिलिटर मिथेनॉल, सोडा आणि तेल तापवायला इंधन लागतेच, आणि तेवढ्याच आकारमानाच्या डिझेलपेक्षा बायोडिझेलमध्ये ऊर्जा सुमारे ८ टक्के कमी असते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे चौघांच्या घरात महिनाभरात उरणारे तळण जेमतेम वाटीभर असते. नांगरटीला ट्रॅक्टर तासाला चार-पाच लिटर डिझेल सहज घेतो.

तेलाचे मोठे साठे हॉटेलांकडे आणि फरसाण-वेफर्सच्या भट्ट्यांकडे आहेत. ध्रुवीय संयुगे (तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने त्यात वाढणारे घटक) २५ टक्क्यांवर गेलेले तेल खाण्यासाठी वापरू नये, असा अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाचा नियम १ जुलै २०१८ पासून लागू आहे, आणि असे तेल गोळा करून बायोडिझेल प्रकल्पांकडे पाठवण्यासाठी 'रुको' हा उपक्रम त्याच वर्षी सुरू झाला. गृहसंस्थेतील घरांनी तळण गाळून, त्यात पाण्याचा थेंब न जाऊ देता, घट्ट झाकणाच्या एका सामाईक डब्यात जमवावे आणि या उपक्रमात नोंदलेल्या संकलकाकडे सोपवावे. मिथेनॉल परत मिळवण्याची आणि मानकानुसार चाचणी करण्याची सोय ज्या प्रकल्पात असते, तिथे ते पोहोचते.