माझा मुलगा जहाजावर काय करतो

परवा नागपुरात बर्डीच्या बाजारात ओळखीच्या एक ताई भेटल्या. "काकू, तुमचा पोरगा तं जग फिरून राहिला बावा! मजा आहे त्याची." मी हसले आणि पुढे गेले. पाच वर्षं हेच ऐकते आहे आणि पाच वर्षं हसून पुढे जाते आहे. आज मात्र लिहायचं ठरवलं.

माझा मुलगा एका मोठ्या क्रूझ जहाजाच्या स्वयंपाकघरात काम करतो. तिथे त्याला गॅली म्हणतात. या वेळी त्याचं जहाज जगप्रदक्षिणेवर होतं. फ्लोरिडाहून निघून पनामा कालवा, हवाई, न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया, मग आपल्याकडे मुंबई आणि पुढे आफ्रिकेला वळसा. जवळजवळ चार महिने. नकाशावर बोट फिरवलं की वाटतं, काय नशीब काढलं पोरानं.

पण त्याचा दिवस कसा जातो ते ऐका. पहाटे पाचला उठायचं. त्याची खोली जहाजाच्या पोटात, पाण्याच्या पातळीखाली. खिडकी नाही. एकावर एक दोन बिछाने, वर हा आणि खाली दुसऱ्या देशातला एक मुलगा. नाश्त्याची पाळी, मग थोडी सुट्टी, मग दुपारचं जेवण, पुन्हा थोडी सुट्टी, मग रात्रीचं जेवण. आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे चोवीस तासांत किमान १० तास आणि आठवड्यात किमान ७७ तास विश्रांती मिळालीच पाहिजे. म्हणजे उरलेले तास कामाचे असू शकतात. आणि रविवार नाही. कॉन्ट्रॅक्ट आठ महिन्यांचं असेल तर आठ महिने रोज काम. दिवाळी असो की ताप उतरल्याचा दुसरा दिवस असो.

मीही आयुष्यभर स्वयंपाकघरात उभी राहिले आहे, त्यामुळे गॅलीबद्दल मी त्याला खोदून खोदून विचारते. तिथे गॅसची ज्योत नाही, आगीच्या भीतीने सगळं विजेवर. शेगडीच्या कडेला लोखंडी कठडे असतात, समुद्र खवळला की पातेलं घसरू नये म्हणून. रात्रभर भट्टीवाले पाव भाजत असतात. भाजीला वेगळी फळी, कच्च्या मांसाला वेगळी, प्रत्येकीचा रंग ठरलेला. अमेरिकेच्या बंदरात आरोग्य खात्याचे लोक न सांगता तपासणीला येतात आणि शंभरपैकी गुण देतात. ८५ किंवा कमी पडले तर जहाज नापास. गुण सगळ्यांना पाहता येतात. त्या तपासणीचं नाव काढलं तरी फोनवर त्याचा आवाज बदलतो. हजारो लोक एकाच छताखाली जेवतात, एकाच्या पोटात बिघाड झाला तर बघता बघता अनेक जण आजारी पडू शकतात. त्यामुळे हात धुण्याबद्दल तिथे जे सोवळं आहे ते माझ्या आजीच्या घरीही नव्हतं.

आणखी एक गोष्ट मला आधी कळत नव्हती. मला वाटायचं, बंदर आलं की काम जास्त. उलट आहे. बंदरावर पाहुणे गाव बघायला उतरतात आणि बरेच जण बाहेरच जेवतात. जमीन नसते त्या दिवशी सगळे जहाजावर आणि सगळ्यांना भूक. हवाईनंतर सलग पाच दिवस नुसतं पाणी होतं. पाहुणे पुस्तक वाचत होते, पत्ते खेळत होते, व्याख्यानाला जात होते. हे पाच दिवस माझ्या मुलाने आकाश पाहिलं नाही. चौथ्या आठवड्यानंतर म्हणे म्हाताऱ्या पाहुण्यांना भारी पदार्थ नको झाले, साधं सूप आणि उकडलेला बटाटा मागायला लागले. याचं मला काही नवल वाटलं नाही. लग्नघरात तिसऱ्या दिवशी वरणभातच हवा असतो.

पश्चिमेकडे जाताना दर काही रात्रींनी घड्याळ एक तास मागे जातं, म्हणून झोपेला एक तास जास्त मिळतो. त्या रात्रींची सगळी गॅली वाट बघते. असे चोवीस तास साठतात आणि मधेच प्रशांत महासागरात, तारीख बदलते त्या तारीखरेषेवर, एक अख्खा दिवस कॅलेंडरमधून निघून जातो. मी भिंतीवर दुसरं घड्याळ लावलं होतं, त्याची वेळ बघायला. दर चार दिवसांनी काटे फिरवावे लागायचे. शेवटी ह्यांनी ते काढून ठेवलं.

मार्चमध्ये जहाज मुंबईला येणार होतं. त्याला दुपार आणि रात्रीच्या पाळीमध्ये अडीच तास बाहेर पडायची परवानगी मिळणार होती. आम्ही दोघं विदर्भ एक्स्प्रेसने निघालो. नागपुरात देशाचा मध्य मानला जाणारा झिरो माइलचा दगड आहे, समुद्र आमच्यापासून सगळ्या बाजूंनी लांब. रात्रभर गाडी चालली आणि मी डबा मांडीवर धरून बसले. सांबारवडी, म्हणजे कोथिंबिरीची वडी, आणि संत्रा बर्फी. बाहेरचं अन्न जहाजावर नेता येणार नव्हतं, जे खायचं ते तिथेच.

मुंबई बंदरात बॅलार्ड पिअरच्या धक्क्याच्या फाटकाबाहेर तो आला तेव्हा मी त्याला चटकन ओळखलं नाही. रंग फिका पडला होता. कित्येक महिने उन्हात न आलेल्या माणसाचा रंग. उभ्यानेच तीन वड्या खाल्ल्या, भराभर. मी म्हटलं, बस रे बाबा. बॅलार्ड इस्टेटमध्ये एका झाडाखाली कट्ट्यावर बसलो. "आई, लय झोप येऊन राहिली," म्हणाला आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपला. पाऊण तास. हे म्हणाले, उठव, बोलू दे जरा. मी नाही उठवलं. वेळ झाली तेव्हा त्याच्याच फोनचा गजर वाजला.

मुंबईत आला आणि त्याने मुंबई पाहिली नाही. तरी लोक म्हणतात जग फिरतोय.

त्याला नोकरी सोडायला सांगावी असं मला वाटत नाही. तो मानाने कमावतो, काम चोख करतो, घराचं कर्ज त्याने फेडलं. मला राग येतो तो "मजा आहे" या शब्दाचा, कारण त्याच शब्दावर आपल्या भागातल्या पोरांना फसवलं जातं. आमच्याच ओळीतल्या एका मुलाने एजंटला अडीच लाख दिले, आईचं मंगळसूत्र गहाण ठेवून. एजंट त्यानंतर भेटला नाही. त्याच्या पत्रकावर निळा समुद्र आणि गॉगल घातलेला तरुण होता. गॅलीचा फोटो नव्हता.

सागरी कामगारांचा २००६ चा आंतरराष्ट्रीय करार आहे, भारताने तो २०१५ मध्ये मान्य केला. त्यानुसार नोकरी लावून देण्याचे पैसे उमेदवाराकडून घेता येत नाहीत. पासपोर्ट, खलाशाची पुस्तिका आणि वैद्यकीय तपासणी एवढाच खर्च आपला. प्रशिक्षणाची फी वेगळी, ती संस्थेत भरायची आणि पावती घ्यायची. परवानाधारक एजंटांची यादी डीजी शिपिंगच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या जहाज खात्याच्या, संकेतस्थळावर आहे, त्या परवान्याला आरपीएसएल म्हणतात.

कुणाच्या घरी हॉटेल मॅनेजमेंट केलेलं पोर जहाजाचं म्हणत असेल, तर कुणाच्याही हातात पैसे देण्याआधी मला मेसेज करा. रात्री नऊनंतर मी मोकळी असते. मुलगा डिसेंबरात येतो आहे, तेव्हा त्याच्याशीच बोलणं करून देईन. फक्त पहिला आठवडा नको, तो झोपेल.