रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवल्या की तिसऱ्या साफ?

परवा बाजारात तिसऱ्या, म्हणजे चिखलातल्या शिंपल्या, घेत होते तर शेजारच्या ताई म्हणाल्या, खाडीतल्या असल्या म्हणून काय झालं, रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवायच्या, सगळी घाण बाहेर. माझी आईपण हेच करायची आणि रेती निघतेच त्याने, पण शिसं नि कॅडमियमसारखे विषारी धातू निघत नाहीत हो, आणि हे कुणीच बोलत नाही म्हणून लिहितेय.

तिसरी चिखलात बसून नळीने पाणी आत ओढते, कल्ल्यांवरच्या चिकट स्रावात बारीक कण पकडते आणि उरलेलं पाणी बाहेर सोडते. कालवं, शिनाणे सगळ्यांचं हेच, मोठं कालव तर दिवसाला शंभरेक लिटर पाणी गाळू शकतं. आता कारखान्याच्या सांडपाण्यातले धातू चिखलाच्या कणांनाच चिकटून बसतात, म्हणजे ते थेट पोटात. शिवाय कॅडमियम आकाराने कॅल्शियमसारखं, त्यामुळे कॅल्शियमच्याच वाटेने कल्ल्यांतून आत शिरतं. आत गेल्यावर मेटॅलोथायोनिन नावाचं प्रथिन त्याला बांधून ठेवतं, म्हणून जीव मरत नाही, पण साठा वाढत जातो, पाण्यापेक्षा हजारो पट. मळमळ-जुलाबाचे जंतू स्वच्छ पाण्यात एकदोन दिवसांत बरेचसे जातात, धातूंना आठवडे, महिने लागतात. शिजवूनही जात नाहीत, थोडे रश्श्यात उतरले तरी रस्सा आपणच ओरपतो ना! आणि माणसाच्या मूत्रपिंडात गेलेलं कॅडमियम अर्धं कमी व्हायला 10 ते 30 वर्षं.

जपानात मिनामाताला कारखान्याचा पारा खाडीत जात होता, मासे-शिंपल्या खाणारी माणसं, मांजरं तडफडली, 1956 ला रोग अधिकृतपणे नोंदला गेला तरी सांडपाणी थांबायला 1968 उजाडलं. बारा वर्षं!

मी तिसऱ्या सोडलेल्या नाहीत, मोकळ्या किनाऱ्यावरच्या आणि कारखान्यांच्या पट्ट्यातल्या खाडीतल्या एकाच मापाने मोजू नयेत. पण कोळीणमावशी ओहोटीला गुडघाभर चिखलात उतरून त्या काढतात, घरीही त्याच शिजवतात, त्यांच्या पाटीकडे बघून नाक मुरडणं मला अजिबात पटत नाही, त्यांनी काय पारा ओतलाय का खाडीत?

ठाण्याची खाडी 2022 ला रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेली, फ्लेमिंगोंचे फोटो सगळ्यांनी टाकले, मीपण टाकले. आता तिथल्या तिसऱ्या, कालवांचं मांस दर सहा महिन्यांनी तपासा, अमेरिकेत 1986 पासून शिंपल्या तपासूनच किनाऱ्यावर लक्ष ठेवतात. आणि आकडे मराठीत, जेट्टीवर, मावशींना वाचता येतील एवढ्या मोठ्या अक्षरात लावा.