‘मूळ ध्वनिमुद्रण तेवढे खरे, मैफल ही नक्कल’ : एका लोकप्रिय दाव्याचा प्रतिवाद

‘स्टार वॉर्स’ आणि ‘ई.टी.’चे अमेरिकन संगीतकार जॉन विल्यम्स यांच्या चित्रपटसंगीतावर प्रेम करणाऱ्यांमध्ये एक दावा वारंवार फिरताना दिसतो आणि तो पुढे पाठवणाऱ्यांची संख्याही मोठी आहे. त्याचा आशय असा, की चित्रपटासाठी स्टुडिओत झालेले पहिले ध्वनिमुद्रण हेच त्या संगीताचे अंतिम रूप होय. जानेवारी 2020 मध्ये व्हिएन्ना फिलहार्मोनिकबरोबर आणि ऑक्टोबर 2021 मध्ये बर्लिन फिलहार्मोनिकबरोबर विल्यम्स यांनी केलेल्या मैफलींचे अल्बम म्हणजे मोठ्या वाद्यवृंदाचे नाव लावून विकलेली नक्कल आहे. कारणेही दिलेली असतात. मैफलीत वाजते ती मूळ रचना नव्हे, मागाहून जुळवलेला तुकडा. लय सैल पडते. वादनात चुका राहतात, आणि जिथे राहत नाहीत तिथे त्या संपादनात पुसलेल्या असतात. व्हिएन्नासारख्या वाद्यवृंदाला हे संगीत परके आहे. शेवटी, नव्वदीकडे झुकलेला संचालक, म्हणजे छडी घेऊन वाद्यवृंदाला लय दाखवणारे स्वतः विल्यम्स, नुसता हात हलवत होता. ही कारणे एकेक करून तपासली, तर त्यांतले एखादे अंशतः टिकते, बाकीची टिकत नाहीत. आणि ज्या ‘मूळ’ रूपावर हा सगळा डोलारा उभा आहे, ते एकसंध नाही, हे तर अगदी सुरुवातीलाच लक्षात येते.

‘स्टार वॉर्स’चे उदाहरण घेऊ, कारण दाव्याचे समर्थकही तेच घेतात. हे संगीत मार्च 1977 मध्ये लंडनजवळच्या डेनहॅम येथील ॲन्व्हिल स्टुडिओत लंडन सिंफनी ऑर्केस्ट्राने वाजवले. त्याच वर्षी दोन तबकड्यांचा जो अल्बम निघाला, त्यात प्रसंगांचा क्रम चित्रपटातला नव्हता. सलग ऐकताना रंगत यावी म्हणून विल्यम्स यांनी तो स्वतः लावला होता आणि वेगवेगळे प्रसंग एकमेकांना जोडले होते. त्याच अल्बममधली ‘प्रिन्सेस लिआ’ची स्वतंत्र रचना तर मुळात मैफलीच्या घाटाची आहे, त्या पूर्ण रूपात ती चित्रपटात कुठेच वाजत नाही. पुढे 1997 मध्ये चित्रपटातल्या क्रमाने संगीत प्रसिद्ध झाले, तेव्हा सुरुवातीच्या शीर्षकसंगीताचे एकामागून एक केलेले अनेक टेकही (म्हणजे त्याच भागाची पुन्हा पुन्हा केलेली मुद्रणे) त्यात ऐकायला मिळाले. तेव्हा ‘मूळ’ म्हणायचे कशाला? लेझर तलवारींच्या आणि स्फोटांच्या आवाजाखाली अर्धवट ऐकू येणाऱ्या चित्रपटातल्या ध्वनिपट्टीला, 1977 च्या अल्बमला, की टेकमधून निवडलेल्या एखाद्या वादनाला? या सगळ्यांच्या आधी असलेली, संगीतकाराने कागदावर लिहिलेली स्वरलिपी तेवढी एक आहे, आणि मैफलीतला वाद्यवृंद समोर ठेवून वाजवतो ते तिच्यापासूनच संगीतकाराने सिद्ध केलेले आणि रीतसर छापलेले कागद असतात.

हा शेवटचा मुद्दा मराठी श्रोत्याला थोडा अवघड जातो, आणि त्याला कारण आहे. आपण ज्या ऑर्केस्ट्रांच्या कार्यक्रमांवर वाढलो, तिथे सर्वांत मोठी दाद ‘हुबेहूब’ या शब्दाने दिली जाते. हिंदी चित्रपटगीतांच्या बाबतीत ते रास्तही होते. सेबास्टियन डिसोझा किंवा अँथनी गोन्साल्विस यांच्यासारख्या गोव्याच्या संयोजकांनी वादकांसाठी लिहिलेले कागद फारसे जपले गेले नाहीत, त्यामुळे पुढच्या पिढीतल्या वादकाला तबकडी कानाला लावूनच एकेक सूर उतरवून घ्यावा लागला. जिथे तबकडी हाच एकमेव दस्तऐवज आहे, तिथे तिच्याशी इमान राखणे समजण्यासारखे आहे. पण तीच मोजपट्टी विल्यम्स यांच्या संगीताला लावली की एखाद्या नाटकाचा प्रत्येक प्रयोग पहिल्या रात्रीच्या प्रयोगाशी ताडून पाहण्यासारखा प्रकार होतो.

आता ‘मागाहून जुळवलेला तुकडा’ हा आक्षेप. यातला ‘मागाहून’ हा भाग तर वस्तुस्थितीला धरूनही नाही. ‘इम्पीरियल मार्च’ लोकांनी प्रथम ऐकला तो चित्रपटगृहात नव्हे. विल्यम्स बोस्टन पॉप्स वाद्यवृंदाचे संचालक झाले आणि 29 एप्रिल 1980 रोजी त्यांनी तिथल्या मैफलीत हा मार्च वाजवला. ज्या चित्रपटासाठी तो लिहिला, तो ‘स्टार वॉर्स’ मालिकेतला ‘द एम्पायर स्ट्राइक्स बॅक’ प्रदर्शित झाला तो त्यानंतर, 21 मे रोजी. म्हणजे जगातल्या सर्वांत ओळखीच्या चित्रपटधुनांपैकी एकीचे सार्वजनिक आयुष्य मैफलीच्या मंचावर सुरू झाले. ही बाब दाव्याचे समर्थक नेमकी विसरतात.

याहून बोलके उदाहरण 1982 च्या ‘ई.टी.’चे आहे, आणि ते सविस्तर सांगण्याजोगे आहे. चित्रपटाच्या शेवटचा प्रसंग लांब आहे. मुलांच्या सायकली, पाठलाग, त्यांचे आकाशात उडणे, मग अंतराळयान आणि निरोप, हे सर्व एका सलग संगीतात बांधलेले आहे. पडद्यावरच्या प्रत्येक क्षणाशी सुरांची सांगड बसावी म्हणून विल्यम्स पुन्हा पुन्हा प्रयत्न करत होते. पण नेमका क्षण गाठायला जावे तर संगीताचा श्वास तुटत होता आणि श्वास सांभाळावा तर क्षण चुकत होता. अखेर दिग्दर्शक स्पीलबर्ग यांनी पडद्यावरचे चित्र बंद करायला लावले आणि मैफलीत वाजवता तसे वाजवा, असे सांगितले. तसे वाजवले गेले, आणि नंतर त्या वादनाला जुळवून घेण्यासाठी चित्रपटाचेच संपादन बदलण्यात आले. म्हणजे ज्या ध्वनिमुद्रणाला हा दावा मैफलीच्या विरुद्ध पुरावा म्हणून उभे करतो, त्यातला सर्वांत प्रिय भाग मैफलीच्या पद्धतीनेच घडला आहे. व्हिएन्नातल्या ‘ॲडव्हेंचर्स ऑन अर्थ’मध्ये हेच संगीत आहे. ते ऐकताना चित्रपटापासून फारकत झाल्यासारखे वाटत नाही, ते यामुळेच असावे.

लय सैल पडते, हा आक्षेप काही तुकड्यांपुरता मला मान्य आहे. त्यातून काढलेला निष्कर्ष मात्र मान्य नाही. स्टुडिओतली लय संगीताच्या गरजेने ठरते असे गृहीत धरले जाते, आणि ते अर्धसत्य आहे. सेकंदाला 24 चौकटींच्या वेगाने सरकणाऱ्या फिल्मवर एक तिरकी रेघ आखलेली असते. पडद्यावर ती एका कडेकडून दुसऱ्या कडेकडे सरकत जाते आणि तिच्या शेवटी एक लखकन प्रकाश चमकतो. त्या चमकेवर संचालकाला ठरलेला ठोका गाठायचा असतो. कधी वादकांच्या कानात ठोक्यांची टिकटिकही सोडलेली असते. अशा वेळी लय किंचित आवळली किंवा सैल सोडली जाते ती, समजा, पडद्यावर दरवाजा उघडण्याच्या क्षणासाठी; धुनेला तसे हवे होते म्हणून नव्हे. मैफलीत हा दरवाजा नसतो. तिथे लय ठरवणारे दोन घटक म्हणजे संचालकाची समज आणि सभागृह.

त्यातल्या सभागृहाकडे चाहते सहसा लक्ष देत नाहीत. व्हिएन्नाच्या म्युझिकफेराइनमधले सोनेरी सभागृह 1870 चे आहे. लांबी सुमारे 49 मीटर, रुंदी 19 मीटर आणि उंची 18 मीटरच्या आसपास. श्रोत्यांनी भरलेले असतानाही तिथे सूर विरायला साधारण दोन सेकंद लागतात. इतक्या आसेत, म्हणजे सुराच्या मागे रेंगाळणाऱ्या गुंजनात, वेगवान पितळी स्वर एकमेकांवर चढू नयेत म्हणून वादकाला प्रत्येक स्वर किंचित आखूड तोडावा लागतो आणि संचालकाला जड जागी थोडा अवकाश द्यावा लागतो. ‘स्टार वॉर्स’च्या शीर्षकसंगीताच्या आरंभीच्या तिहेरी स्वरांच्या तुताऱ्या दोन्हीकडे लक्षपूर्वक ऐकाव्यात. लंडनच्या ध्वनिमुद्रणात ट्रम्पेट जवळ आणि धारदार आहे, धुनेच्या पहिल्या दोन स्वरांमधली पंचमाची झेप सुरीने कापल्यासारखी येते. व्हिएन्नात तीच झेप घेतल्यावर वरचा स्वर क्षणभर सभागृहात पसरतो आणि पुढचे तीन उतरते स्वर त्या पसरलेल्या सुरातून वाट काढतात. मला स्वतःला या जागी लंडनची धार अधिक आवडते. पण हा आवडीचा प्रश्न आहे; त्यातून अस्सल कोणते आणि नक्कल कोणती, हे ठरत नाही.

चुकांविषयीचा आक्षेप तर स्वतःच्याच पायात पाय अडकून पडतो. मैफलीत चुका राहतात म्हणून ती कमअस्सल, आणि चुका संपादनात काढल्या म्हणून ती मैफलच नव्हे, अशी दोन्ही विधाने एकाच दमात केली जातात. व्हिएन्नात 18 आणि 19 जानेवारी अशा दोन मैफली झाल्या, बर्लिनमध्ये 14 ते 16 ऑक्टोबर अशा तीन संध्याकाळी. एकाहून अधिक दिवसांच्या वादनातून आणि तालमींतून उत्तम जागा निवडून अल्बम बांधणे ही शास्त्रीय संगीताच्या ध्वनिमुद्रणातली सर्रास रीत आहे, आणि ‘लाइव्ह’ या शिक्क्याचा अर्थ त्या व्यवसायात तेवढाच घेतला जातो. ही जर लबाडी असेल, तर अनेक टेकमधून एक टेक निवडणाऱ्या स्टुडिओला वेगळा न्याय कसा लावायचा? उलट बाजूने पाहिले तर 1977 चे वादनही एका मोठ्या खोलीत एकत्र बसलेल्या माणसांनी, संचालकाकडे बघत, त्या त्या क्षणी केलेले होते. त्या तुताऱ्यांमागचे मॉरिस मर्फी हे लंडन सिंफनीचे प्रमुख ट्रम्पेटवादक म्हणून नुकतेच रुजू झाले होते, आणि या चित्रपटाचे ध्वनिमुद्रण ही त्यांची तिथली पहिलीच कामगिरी होती. चाहत्यांना त्यात जो थरार जाणवतो, तो पहिल्या दिवसाच्या जिवंत वादनाचा थरार आहे.

व्हिएन्ना फिलहार्मोनिकला हे संगीत परके आहे, या म्हणण्याला मात्र इतिहासाच्या अज्ञानाखेरीज दुसरा आधार नाही. हॉलीवूडच्या सिंफनी-धाटणीच्या चित्रपटसंगीताचा पाया घातला त्यातले दोन प्रमुख संगीतकार व्हिएन्नातूनच तिकडे गेले. 1933 च्या ‘किंग काँग’चे संगीतकार मॅक्स स्टायनर तिथे जन्मले, तर एरिक व्होल्फगांग कोर्नगोल्ड तिथे वाढले. कोर्नगोल्ड बालवयातच नावारूपाला आले होते. 1910 मध्ये, तेरा वर्षांचे असताना, त्यांचे नृत्यनाट्य व्हिएन्नाच्या शाही ऑपेरात सादर झाले. व्हिएन्ना फिलहार्मोनिकचे वादक त्याच ऑपेराच्या वाद्यवृंदातून येतात, आजही. पुढे हॉलीवूडमध्ये कोर्नगोल्ड यांनी साहसपटांसाठी जी भरजरी, पितळी वाद्यांनी तळपणारी भाषा घडवली, तिचाच धागा विल्यम्स यांनी 1977 मध्ये पुन्हा हातात घेतला. शिवाय चित्रपटातल्या धुना मैफलीत आणण्याचा मार्गही जुनाच आहे. कोर्नगोल्ड यांचा व्हायोलिन कॉन्चेर्टो (एकल व्हायोलिन आणि वाद्यवृंद यांची रचना), जो व्हायोलिनवादक यास्चा हायफेट्झ यांनी 1947 मध्ये सेंट लुईस येथे प्रथम वाजवला, तो त्यांनी स्वतःच्याच चित्रपटांमधल्या धुनांवर उभारलेला आहे. त्या कॉन्चेर्टोला कोणी नक्कल म्हणत नाही.

परकेपणाची जी जाणीव ऐकणाऱ्याला होते, ती खोटी नाही. पण तिचे कारण वाद्यांत आहे. व्हिएन्नाचा हॉर्न आणि ओबो इतरत्र वाजतात त्यांपेक्षा वेगळ्या बांधणीचे आहेत, टिंपनीला, म्हणजे नगाऱ्यासारख्या तालवाद्याला, बकऱ्याचे कातडे असते, आणि हा वाद्यवृंद 443 हर्ट्झच्या चढ्या स्वराला जुळवतो, जो प्रमाण मानल्या गेलेल्या 440 पेक्षा एका श्रुतीइतकाही नाही, पण सवयीच्या कानाला खटकण्याइतका वर आहे.

राहिला वयाचा मुद्दा. व्हिएन्नात विल्यम्स 87 वर्षांचे होते आणि बर्लिनमध्ये 89, हे खरे. छडीचा आवाका आटोपशीर झाला होता, हेही चित्रफितीत दिसते. पण वाद्यवृंद आपोआप वाजत होता असे म्हणणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. ‘इम्पीरियल मार्च’ व्हिएन्नाच्या कार्यक्रमात घेतला गेला तो वाद्यवृंदाच्या पितळी वाद्यांच्या वादकांनी आवर्जून मागितला म्हणून, आणि विल्यम्स यांनी स्वतः तो आपण ऐकलेल्या या मार्चच्या सर्वोत्तम वादनांपैकी एक असल्याचे सांगितले. तो मार्च तिथे खरोखरच जड पावलांनी चालतो. खालच्या तंतुवाद्यांचा सतत ठोकणारा पाया आणि त्यावर येणारी ट्रॉम्बोनची धून यांच्यात जी फट स्टुडिओच्या ध्वनिमुद्रणात स्वच्छ ऐकू येते, ती इथे जवळपास बुजते, आणि त्याच्या बदल्यात एक प्रचंड, एकजीव वजन मिळते. संचालकाचा ताबा नसता तर इतक्या आसेत हे वजन चिखल झाले असते.

या अल्बमांत दोष नाहीत असे मी म्हणत नाही. व्हायोलिनवादक ॲन-सोफी मुट्टर यांच्यासाठी व्हायोलिनला केंद्रस्थानी ठेवून केलेल्या रूपांतरांपैकी ‘डेव्हिल्स डान्स’ झकास उतरले आहे, पण काही ठिकाणी व्हायोलिनची कसरत धुनेच्या वरचढ होते. निवडही मैफलीला शोभेल अशी, म्हणजे मुख्यतः मार्च, प्रेमविषय आणि सुटसुटीत सलग रचना यांची आहे. पाठलागाचे आणि युद्धाचे गुंतागुंतीचे संगीत, ज्यात दर काही सेकंदांना लय पालटते आणि तालवाद्ये कोरडी, जवळून ऐकू यावी लागतात, ते सोनेरी सभागृहाच्या आसेत नेले असते तरी फारसे खुलले नसते. ‘स्टार वॉर्स’च्या शेवटच्या अंतराळयुद्धाचा तो लांबलचक भाग ज्याला हवा असेल, त्याला डेनहॅमच्या त्या मार्च महिन्यातल्या वादनाकडेच जावे लागेल, व्हिएन्नाच्या अल्बममध्ये तो नाहीच.