'गोळ्या मोजणाऱ्यांना' कसली मान्यता?

रुग्णाला औषध समजावून सांगणं ही आरोग्यसेवा धरा, अशी निवेदनं फार्मासिस्टांच्या संघटना आमदार-खासदारांना देतात. त्यावर व्हॉट्सॲपवर ठरलेलं उत्तर फिरतं: 'यांना मागच्या दाराने डॉक्टर व्हायचंय. पट्टीवर सगळं छापलेलंच असतं. गोळ्या मोजायचे पैसे मिळतात ना, मग सल्ल्याचे कशाला? आणि दुकानात फार्मासिस्ट असतोच कुठे?'

मागच्या दाराचं आधी उरकू. समुपदेशन, म्हणजे औषध समजावून सांगणं, हे निदान नव्हे. चिठ्ठीवरचं शेड्यूल एचचं, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकता न येणारं औषध बदलून दुसरं देणंसुद्धा औषध नियम 65 नुसार दुकानदाराला मना आहे. उलट समजावून सांगणं हे कर्तव्यच आहे. फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाच्या 2015 च्या नियमावलीत ते सविस्तर लिहिलंय: औषध कशासाठी, कसं घ्यायचं, डोस चुकला तर काय, ठेवायचं कुठे. म्हणजे काम आधीच अंगावर टाकलेलं आहे.

पट्टीवर छापलेलं असतं, हे म्हणणाऱ्याने चष्मा काढून एकदा पट्टी वाचून दाखवावी, तीही इंग्रजीतली. संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. बाकीच्या गोळ्या रोज, म्हणून हीही रोज घेतली तर माणूस जिवाला मुकू शकतो. 'आजी, ही फक्त सोमवारी' एवढं सांगून पाकिटावर तसं लिहून द्यायला दोन मिनिटं लागतात. दम्याचा स्टेरॉइडचा पंप ओढल्यावर चूळ भरा, नाहीतर तोंडात बुरशी होईल, हेही तसंच. दोन डॉक्टरांनी दोन वेगळ्या नावांनी एकच रक्तदाबाची गोळी लिहिली, तर दोन्ही चिठ्ठ्या एका जागी दिसतात त्या मेडिकलच्या काउंटरवर.

आता पैसे. मला यातली खरी मेख इथे दिसते. 2013 च्या औषध किंमत नियंत्रण आदेशात सरकारने सूचीत घालून किंमत बांधलेल्या औषधांच्या कमाल किमतीत किरकोळ विक्रेत्याचे 16 टक्के धरलेले आहेत. ते मिळतात विक्रीवर. 'काका, दोन्ही गोळ्या एकच आहेत, डॉक्टरांना विचारल्याशिवाय दुसरी घेऊ नका' असं सांगणारा स्वतःचाच गल्ला कमी करतो. गप्प बसणारा कमावतो. इंग्लंडमध्ये 31 जानेवारी 2024 पासून 'फार्मसी फर्स्ट' सुरू आहे. सात किरकोळ आजारांसाठी फार्मासिस्ट ठरवून दिलेल्या चौकटीत सल्ला आणि गरज पडली तर औषध देतो. त्या सल्ल्याची फी रुग्णाकडून नाही, तिथली सरकारी आरोग्यसेवा भरते. आपल्याकडे हुबेहूब तेच आणा असं मी म्हणत नाही, आपल्याकडे एवढी मोठी पैसे भरणारी यंत्रणाच नाही. पण सल्ल्याला किंमत असू शकते, एवढं तरी त्यातून दिसतं.

राहिला शेवटचा टोमणा, आणि तो खरा आहे. भिंतीवर सर्टिफिकेट, काउंटरवर बारावी पास पोरगा, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. 1948 च्या फार्मसी कायद्याचं कलम 42 सांगतं की चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यायचं. महाराष्ट्रात 2012 च्या सुमारास एफडीएचे, म्हणजे अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त महेश झगडे यांनी त्यावर बोट ठेवलं, तेव्हा केमिस्टांनी दुकानं बंद ठेवली होती. सर्टिफिकेट भाड्याने देणारे फार्मासिस्टच असतात, हे निवेदन नेणाऱ्यांनी आमदाराने विचारायच्या आत स्वतः सांगावं. पण पदवी भाड्याने देणं परवडतं आणि काउंटरवर उभं राहणं परवडत नाही, असं का झालं, तेही त्याच बैठकीत विचारावं.