झटपट होतं म्हणे

'पंधरा मिनिटांत रात्रीचं जेवण' असं कुठे दिसलं की मी कृती वाचत नाही, आधी साहित्य वाचतो. सगळी मेख तिथेच असते. 'दोन कांदे, बारीक चिरलेले. आठ पाकळ्या लसूण, सोललेला. चार बटाटे, उकडलेले.' म्हणजे जणू बटाटे बाजारात तसेच, वाफा निघत असताना मिळतात. घड्याळ सुरू होण्यापूर्वीच कुणीतरी अर्धा तास राबून गेलेलं असतं आणि त्या बिचाऱ्याचं नावही कुठे घेतलेलं नसतं. आमच्या घरात तो कुणीतरी बहुतेक मीच असतो.

त्यातही कांद्याबाबत लोक राजरोस थापा मारतात. 'पाच मिनिटं परता, छान तपकिरी झाला की पुढचं घाला.' पाच मिनिटांत कांदा फार तर मऊ पडतो. कांद्यात दहातले जवळजवळ नऊ भाग पाणीच. ते उडेपर्यंत त्याचं तापमान १०० अंशांच्या फारसं वर सरकत नाही आणि खरा रंग धरायला १४०च्या आसपास जावं लागतं. एकसारखा, गोडसर, तपकिरी कांदा हवा असेल तर मंद आचेवर अर्धा-पाऊण तास सहज जातो. घाई करून आच वाढवली, तर कडा काळ्या, मध्ये कच्चा आणि घरभर धूर. थकल्या दिवशी ज्या पदार्थात 'तपकिरी होईपर्यंत' हे शब्द आहेत, त्याच्या वाटेला जाऊ नये, हे माझं स्पष्ट मत आहे.

पण स्वयंपाक नंतरचा. त्याआधी तो कुणी करायचा, याचा निकाल लागायचा असतो. आम्ही दोघंही कामावरून येऊन सोफ्यावर पडतो आणि जो आधी भुकेचा विषय काढेल त्याने उठायचं, असा न बोलता झालेला करार आहे. पोटात कावळे कोकलत असतात, पण चेहरे साधूसंतांचे.

"किती वाजले रे?" बायको मोबाइलमधून मान वर न काढता विचारते.

प्रश्न दिसायला साधा आहे, पण मी इतक्या वर्षांत पक्का झालोय. "आठ झाले असतील. तू दुपारी जेवलीस ना नीट?"

"भरपूर. तू?"

"मला तर अजून जड वाटतंय."

असा दोन्ही बाजूंनी धडधडीत खोटेपणा चालू असताना आतून लेक येते. "बाबा, जेवायला काय आहे?" मी 'आईला विचार' म्हणायला तोंड उघडतो, तेवढ्यात ती पुढे सांगते, "आईने तुलाच विचारायला सांगितलंय." मोबाइलवर मघापासून चाललेली टकटक कशाची होती, ते तेव्हा कळतं.

मग मी फ्रिजचं दार उघडून उभा राहतो. एका बशीत अर्धा टोमॅटो, कापलेली बाजू सुकून सुरकुतलेली. एक डबा, झाकणाला आतून पाण्याचे थेंब, आत काय आहे ते उघडायचं धाडस कुणात नाही. खालच्या कप्प्यात पालेभाजीची जुडी, देठाशी काळी पडून पिशवीला चिकटलेली. दारात अंडी. मी दार लावतो आणि लगेच पुन्हा उघडतो. मधल्या वेळात आतल्या मंडळींनी आपसांत काही ठरवलं असेल, अशी वेडी आशा असते.

कपाटात राजमाही आहे. मात्र राजमा हे कायम उद्याचं जेवण असतं. तो आदल्या रात्री भिजत घालावा लागतो, ते पाणी ओतून टाकून मग खळखळून उकळावा लागतो. अर्धाकच्चा राहिला तर त्यातलं द्रव्य उलट्या-जुलाबांपर्यंत नेतं. सालं काढलेली मसूर डाळ त्या मानाने समजूतदार. न भिजवता वीसेक मिनिटांत मऊ होते. कुकर असला तर आणखी लवकर, कारण वाफ कोंडली की पाणी १२० अंशांच्या आसपास उकळतं. ही युक्ती दनी पापँ या फ्रेंच माणसाने १६७९ साली केली, तीही हाडं मऊ करायला. हाडं मऊ करणाऱ्या यंत्राची थकल्या माणसाला गरज भासावी, यात मला तरी काही विचित्र वाटत नाही.

तर मी मिनिटं मोजायचं सोडून दिलंय. मी भांडी मोजतो. एका कढईत होईल तेच रात्रीचं जेवण. गाळणी लागली की पदार्थ बाद. मिक्सर लागला, तर तो सणासुदीचा पदार्थ; त्याच्या पात्याखाली अडकलेलं काढायला वेगळा जन्म हवा.

या कसोटीला पहिल्या फेरीत उतरतो तो अंडाभात. कालचा भात यासाठी ताज्यापेक्षा सरस, दाणे सुटे राहतात. फक्त तो काल वेळेवर फ्रिजमध्ये गेलेला हवा. रात्रभर ओट्यावर राहिलेल्या भातात जंतूंनी केलेलं विष पुन्हा गरम करूनही जात नाही, तिथे आळस करू नये. बाकी सगळीकडे करावा. तेल, सुरकुतलेला टोमॅटो, भात, मीठ-मिरपूड, कडेला जागा करून दोन-तीन अंडी. अंड्याचा पांढरा भाग साठ-बासष्ट अंशांनाच धरू लागतो, तो कांद्यासारखा अंत पाहत नाही.

लेक पहिला घास घेऊन म्हणते, "परत हेच?" आणि दुसऱ्यांदा वाढून घेते. अजून जड वाटणारे आम्ही दोघं तर कढईच्या बुडाची खरवडही सोडत नाही.

पुढचा प्रश्न कढईचा. ती घासायची कुणी, यावर कधीच भांडण होत नाही. "भिजू दे जरा," बायको म्हणते. "हो, रात्रभर भिजू दे," मी म्हणतो. राजमा भिजत घालायची आठवण आमच्या घरात कुणाला राहत नाही, कढई मात्र रोज न चुकता भिजते.