लेसरच्या पोटात काय जातं, तेही विचारा

13 एप्रिल 2025 ला डीआरडीओने कर्नूलला 30 किलोवॅटच्या लेसरने ड्रोन पाडून दाखवला. तेव्हापासून आमच्या नागपूरच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एक वाद अधूनमधून पेटतो. भाचा म्हणतो, "मामा, अमेरिकेनं 2010 मध्येच विमानातून लेसर मारून क्षेपणास्त्र पाडलं, आपण मागंच राहिलो न." अंबाझरीच्या आयुध निर्माणीतून निवृत्त झालेले काका चिडतात: देशाच्या शस्त्रांवर शंका घ्यायचीच कशाला? मी राहतो अमेरिकेतल्या अल्बुकर्कीत. भाचा ज्या लेसरचं उदाहरण देतो, तो प्रकार 1977 मध्ये इथल्याच कर्टलंड हवाई तळावर पहिल्यांदा तयार झाला. मला दोघांचंही पटत नाही.

तो डीआरडीओच्या लेसरसारखा विजेवरचा नव्हताच, रासायनिक होता. पोटॅशियम हायड्रॉक्साइड घातलेल्या थंडगार हायड्रोजन पेरॉक्साइडमधून क्लोरीन सोडला की उत्तेजित ऑक्सिजन सुटतो. तो आपली ऊर्जा आयोडीनच्या अणूंना देतो आणि 1.315 मायक्रोमीटरचा, डोळ्यांना न दिसणारा किरण निघतो. वायू ध्वनीपेक्षा वेगाने वाहत असल्याने नको असलेली उष्णताही त्याच्याबरोबर निघून जाते. एलआयटीत, म्हणजे नागपूरच्या रसायन तंत्रज्ञानाच्या संस्थेत, शिकलेल्या माझ्यासारख्याला ही क्रिया आजही देखणी वाटते.

पण क्लोरीनचं सिलिंडर हाताळलेल्या कुणालाही विचारा. गळती झाली तर पळता भुई थोडी होते. पेरॉक्साइड नुसतं ठेवलं तरी हळूहळू विघटित होतं, लोखंडाचा अंश पडला तर भराभर. बोइंग 747 च्या पोटात अशा लेसरची सहा मॉड्यूल्स बसवली होती. रसायनं संपली की किरण बंद, विमान परत तळावर. 11 फेब्रुवारी 2010 ला त्याने कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यालगत क्षेपणास्त्र पाडलं, हे खरंच. पण त्याच्या आदल्याच वर्षी अमेरिकेचे संरक्षणमंत्री रॉबर्ट गेट्स यांनी तिथल्या संसदेसमोर सांगितलं होतं की, सुरक्षित अंतरावरून मारा करायचा तर 20 ते 30 पट ताकदीचा लेसर लागेल, नाहीतर विमानाला शत्रूच्या हद्दीतच घिरट्या घालाव्या लागतील. 2011 च्या अखेरीस प्रकल्प गुंडाळला. 2014 मध्ये विमान भंगारात गेलं. 5 अब्ज डॉलरच्या आसपास पैसा तोवर जिरला होता, त्यामुळे अमेरिकेच्या शहाणपणाचे गोडवे मी गाणार नाही. एवढंच की जमत नाही हे मंत्र्यानेच उघड सांगितलं, आणि त्याने सैन्याचं काही बिघडलं नाही.

हाच रासायनिक लेसर दिल्लीच्या लॅस्टेक या लेसर प्रयोगशाळेत डीआरडीओच्या शास्त्रज्ञांनीही चालवून पाहिला, त्यावर शोधनिबंध लिहिले. त्यातून काय शिकलो आणि विजेच्या लेसरकडे का वळलो, हे मराठीत कुणीतरी सविस्तर सांगायला हवं. पिनाकाची रॉकेट्स आणि नागास्त्र ड्रोन जिथे बनतात, त्या नागपुरात तर नक्कीच.

म्हणून भाच्याला सांगतो, कोण पुढे नि कोण मागे हे सोड. 30 किलोवॅटचा किरण काढायला त्याहून बरीच जास्त वीज लागते आणि उरलेल्या विजेची उष्णता होते. मे महिन्यात 45 अंशांत त्याचं कूलिंग किती वेळ टिकतं, धुळीतून किरण किती दूर पोचतो, जनरेटर कुठवर नेता येतो, हे विचार. आणि काका, हे प्रश्न तुमच्याइतके नेमके कोण विचारणार? रॉकेटचा लॉट तपासणीत नापास करताना तुम्हाला कुणी देशविरोधी म्हटलं होतं का?