पगारपत्रक छापायला सातासमुद्रापार कशाला?

नाव, कामाचे दिवस, मूळ वेतन, भत्ते, कपात, हातात पडणारी रक्कम. एका ए-४ पानात मावणारा मजकूर. साचा ठरलेला, आकडे आपल्याच डेटाबेसमधले. आणि तो एक कागद तयार करायला आपली डेव्हलपर मंडळी काय करतात? सगळं एचटीएमएलमध्ये कोंबून परदेशातल्या कुठल्यातरी सर्व्हरकडे पाठवतात. तिथे क्रोम उघडतो, पीडीएफ बनते, ती परत इकडे येते आणि दर कागदामागे पैसे कापले जातात. काखेत कळसा आणि गावाला वळसा! संताप येतो अक्षरशः.

हे असं का होतं तेही ठाऊक आहे. डोक्यात एकच समीकरण पक्कं बसलंय: पीडीएफ म्हणजे हेडलेस क्रोम, म्हणजे खिडकी न उघडता पडद्याआड चालणारा क्रोम. मग तो क्रोम लॅम्डामध्ये (ॲमेझॉनची, स्वतःचा सर्व्हर न सांभाळता कोड चालवायची सेवा) टाकायला जावं, तर उघडलेल्या पॅकेजला २५० एमबीची मर्यादा. डॉकरमध्ये (प्रोग्रॅम त्याच्या सगळ्या सामानासकट एका बंदिस्त कंटेनरमध्ये चालवायची सोय) टाकावा, तर शेअर्ड मेमरी मुळात ६४ एमबी, मोठं पान आलं की टॅब कोसळतो. यावर उपाय आहेत, पण दोन दिवस झटापट करून माणूस वैतागतो आणि क्रेडिट कार्ड काढून अशा परदेशी सेवेची एपीआय-की, म्हणजे ती वापरायची किल्ली, घेतो. अरे, पण पगारपत्रकाला क्रोम लागतो हे ठरवलं कोणी?

बरं, पैसे देऊन तरी कागद धड येतो का? सगळ्यात आधी फॉन्ट. तिकडच्या सर्व्हरवर देवनागरी फॉन्ट असेलच याची खात्री काय? नसला की कर्मचाऱ्याच्या नावाच्या जागी रिकाम्या चौकोनांची रांग. मग तुम्ही वेबफॉन्टची लिंक देता. आता फॉन्ट उतरायच्या आत पीडीएफ काढली गेली, तर दहा कागद नीट आणि अकराव्यावर चौकोन. हा दोष तुमच्या लॅपटॉपवर कधीच दिसणार नाही, कारण तिथे फॉन्ट आधीच बसवलेला असतो. क्रोमला ‘सगळे फॉन्ट चढेपर्यंत थांब’ असं सांगता येतं, पण समोरच्या सेवेने ती सोय तुमच्या हातात दिली असेल तर!

फॉन्ट असूनही मराठीचे हाल संपत नाहीत. काही सेवा आत क्रोम वापरतच नाहीत, अक्षरं जोडायची अक्कल नसलेली जुनी लायब्ररी वापरतात. मग ‘किर्लोस्कर’मधली वेलांटी क च्या मागे जाऊन बसते, रफार सुटतो, जोडाक्षरांचे पाय मोडतात. काही सेवा येणाऱ्या मजकुरातली ‘अदृश्य अक्षरं’ साफ करतात. त्यात शून्य रुंदीचा जोडक (अक्षरं कशी जोडायची ते सांगणारी, न दिसणारी खूण) गेला, की त्याच्या जोरावर टाइप केलेल्या ‘आचाऱ्यांना’चं ‘आचार्यांना’ होतं. स्वयंपाक्यांचं मानधन प्राध्यापकांच्या नावावर छापून येतं, आणि त्यांच्या सपोर्टला लिहावं तर चूक नक्की काय, हेच त्यांना दिसत नाही.

तारखेचा घोळ तर थेट हिशेबात शिरतो. तिकडचं घड्याळ यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, आपण साडेपाच तास पुढे. साच्यातल्या जावास्क्रिप्टने ‘आजची तारीख’ तिथेच काढली, तर १ एप्रिलला पहाटे ४ वाजता निघालेल्या जीएसटी बिलावर ३१ मार्च छापला जातो. बिल क्रमांक नव्या आर्थिक वर्षाचा, तारीख जुन्या वर्षाची. आकड्यांचंही तेच: लोकेल (कोणत्या देशाच्या पद्धतीने आकडे-तारखा लिहायच्या ती सेटिंग) अमेरिकन राहिलं, तर १२,३४,५६७ चे १,२३४,५६७ होतात. कागद अमेरिकन लेटर मापाचा येतो, कारण क्रोमला कोडमधून चालवणाऱ्या पपेटिअर या लायब्ररीत काही सांगितलं नाही तर तेच माप धरलं जातं. लेटर म्हणजे २१६ बाय २७९ मिलिमीटर, ए-४ म्हणजे २१० बाय २९७. प्रिंटरवर कडा कापल्या जातात. पार्श्वभूमीचे रंगही स्वतःहून छापले जात नाहीत, त्यामुळे तक्त्याची गडद शीर्षओळ उडते.

लोगोची लिंक आतल्या नेटवर्कमधली असेल तर तिकडून उघडणारच नाही. मग तो बेस-६४ करून, म्हणजे चित्राचं साध्या अक्षरांत रूपांतर करून, मजकुरातच घालायचा. ३ एमबीच्या चित्राचे ४ एमबी होतात. ४०० पत्रकं म्हणजे एकच लोगो ४०० वेळा वर चढवून १.६ जीबी! आणि हे नेमकं पगाराच्या दिवशी, जेव्हा तिकडून ४२९ (‘फार विनंत्या झाल्या, थांबा’ असा त्रुटी-क्रमांक) येऊ लागतो. ३० सेकंदांत उत्तर आलं नाही म्हणून तुमचा कोड पुन्हा विनंती करतो. पहिली विनंती तिकडे पूर्ण झालेलीच असते, म्हणून शुल्क दोनदा.

आणि ज्याने खरं रक्त उसळायला हवं ते तर कोणी बोलतच नाही. त्या एचटीएमएलमध्ये माणसाचा पॅन आहे, बँक खातं आहे, पगार आहे. वर पीडीएफला लावायचा पासवर्डही त्याच विनंतीत! तयार फाइल तिकडे ‘तात्पुरत्या’ लिंकवर पडून राहते, लिंक ज्याच्या हाती लागेल त्याला उघडते. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा स्पष्ट सांगतो, की काम दुसऱ्याकडून करून घेतलं तरी जबाबदारी मूळ संस्थेचीच, आणि त्या दुसऱ्याशी वैध करार हवा. अटी न वाचता मारलेली एक टिक म्हणजे डेटा सांभाळण्याची हमी आहे का? ज्याचा पगार आहे त्याला विचारलं होतं का कोणी?

यातलं काहीही करायची गरज नाही. आपल्याच सर्व्हरवर एचटीएमएलची पीडीएफ करणाऱ्या लायब्ररी आहेत. पायथॉन असेल तर वीझीप्रिंट घ्या. तो अक्षरं जोडून मांडणाऱ्या पँगो आणि हार्फबझ या लायब्ररी वापरतो, जोडाक्षरं नीट येतात. जावास्क्रिप्ट चालवत नाही, म्हणून आलेख आधीच एसव्हीजी (रेषांच्या रूपातलं चित्र) करून द्या. पीएचपी असेल तर एमपीडीएफ. एफपीडीएफ या पीएचपीच्याच दुसऱ्या लायब्ररीच्या वाटेला मराठीसाठी जाऊ नका. डब्ल्यूकेएचटीएमएलटूपीडीएफ हे जुनं साधन नव्या कामात आणू नका, त्याचं इंजिन फार जुनं आहे आणि प्रकल्प २०२३ मध्येच गुंडाळला गेला. वर्डचा साचा असेल तर लिब्रेऑफिस पडद्याआड चालवा, पण एकाच वेळी अनेक प्रती चालवताना प्रत्येकीला वेगळी प्रोफाइल-फोल्डर द्या, नाहीतर दुसरी प्रत गपचूप बंद पडते. क्रोमच हवा असा हट्ट असेल तर गोटेनबर्गचा कंटेनर (आत क्रोम असलेली तयार पीडीएफ सेवा) आपल्याच सर्व्हरवर उभा करा.

सर्व्हरवर डेबियन लिनक्स असेल तर नोटो फॉन्टचं मूळ पॅकेज (fonts-noto-core) टाकलं की देवनागरी येते. एचटीएमएलला भाषा मराठी सांगा, म्हणजे फॉन्टमध्ये सोय असेल तर ल आणि श मराठी वळणाचे येतात. तारखा आणि रकमा आपल्या कोडमध्येच मजकूर करून साच्याला द्या. डिजिटल सही सगळ्यात शेवटी. सहीनंतर फाइल आकुंचित केली की सही मोडते. आणि दर वेळी साचा बदलला की ‘आचाऱ्यांना, किर्लोस्कर, तऱ्हा, श्री, ज्ञानेश्वर, क्ष’ एवढी एक ओळ छापून डोळ्यांनी वाचा. दोन मिनिटं लागतात.